काठावरच्या चार ओळी

मुंगी सहलीचा कागद घेऊन घरात आली, तो दिवस नेमका आमच्या सुट्टीचा होता. अळ्या कातेवर बसल्या होत्या. रेशमाची अळी कात टाकायला बसली की एक अख्खा दिवस खात नाही, हलत नाही, नुसती मान वर करून बसते. त्या दिवशी तुतीचा पाला कापायचा नाही, भारे वाहायचे नाहीत. असा दिवस आमच्या वाट्याला महिन्यात जेमतेम चारदा येतो. मी शेडच्या सावलीला पाय पसरून टाचेतला काटा काढत बसले होते, आणि जरा बरं वाटतंय न वाटतंय तोच ही कागद नाचवत आली.

"आई, सहल! चार दिवस! समुद्र!"

मुंगी म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि चालायला लागल्यापासून स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून घरभर फिरायची, म्हणून हे नाव पडलं. आता चौदा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागली. शाळेत कुणी या नावाने हाक मारली तर त्याच्याशी आठवडाभर बोलत नाही. घरात चालवून घेते.

मी कागद घेतला. वर छान छान लिहिलेलं होतं, मुलांच्या सर्वांगीण विकासाचं वगैरे. असल्या कागदात खरी गोष्ट कायम तळाशी असते. मी तळाचा आकडा वाचला आणि काटा तसाच ठेवून उठले.

"एवढ्यात आपल्या शेडवर नवे पत्रे पडतील," मी म्हटलं.

"जेवण, राहणं, सगळं धरून आहे."

"राहायला काय राजवाड्यात ठेवणार आहेत?"

"दीपगृहात वरपर्यंत सोडणार आहेत, आई. एकशे बत्तीस पायऱ्या. वरचा दिवा केवढा असतो माहितीये? आपली चारजणांची पंगत बसेल आत."

दीपगृहाचं वेड तिला कुठून लागलं देव जाणे. समुद्र आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नाही. पण हिने पुठ्ठ्याचं एक दीपगृह केलं होतं, हातभर उंच, आत घरातली विजेरी बसवून. वरचं टोपण फिरवलं की उजेड भिंतीवरून फिरायचा. विज्ञानाच्या बाईंनी त्याला पहिला नंबर दिला आणि आमची विजेरी महिनाभर त्यात अडकून पडली. मी मात्र शेडमध्ये चाचपडत जायची.

"पुढच्या वर्षी जा," मी म्हटलं. "तोवर नवी तुती वाढेल. अळ्यांची एखादी खेप जास्त निघेल."

"पुढच्या वर्षी नाही गं, पुढच्या—"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. हातपाय धू आणि मग शेडकडे ये."

ती हातपाय धुवायला गेली. कागद मात्र तिने घडी घालून परत दप्तरात ठेवला नाही, बाबांच्या ताटाजवळ ठेवला. कुणाला कुठे गाठायचं ते पोरांना बरोबर कळतं.

आमच्या ह्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द बसवायचाच राहून गेलाय. उधारीवर खत मागायला कुणी आलं तरी 'बघू', दुसऱ्याची बंद मोटार ढकलायची तरी 'चला', आणि लेकीने काही मागितलं की 'करू की!'. मग ते कसं करायचं, कशातून करायचं, कुणाला तोंड द्यायचं, ते सगळं माझ्या गळ्यात. गोड व्हायचं ते ह्यांनी, कडू व्हायचं ते मी. चौदा वर्षं हेच चाललंय.

"जाऊ दे की तिला," हे म्हणाले. कागद हातात धरला होता, तळाचं वाचलं की नाही कुणास ठाऊक. "एकदाच असतं हे वय."

"वय सगळ्यांचंच एकदा असतं. माझंही होतं."

"म्हणूनच म्हणतो."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "समुद्र समुद्र म्हणजे काय ते? पाणीच ना? मग ते बघायला एवढे पैसे?" आणि थोडं थांबून, "खारट असतं म्हणतात. पिताही येत नाही."

मुंगी हसली. हे हसले. मी हसले नाही, कारण सगळे हसले की पैसे कुणी मोजायचे हा प्रश्न माझ्याकडेच उरतो.

दोन दिवसांनी मी शाळेत गेले. हप्त्याहप्त्याने भरू द्या एवढंच विचारायचं होतं. जाण्याआधी हात तीनदा घासले. तुतीचा चीक बोटांना बसला की काळा होतो, तो निघत नाही. नखांच्या कडा तर कायमच्या तशा. मी हात मागे बांधून वर्गाच्या दारात उभी राहिले, आणि दारावरच ती यादी. 'सहलीचे पैसे न भरलेले विद्यार्थी.' पाच नावं. आमचं चौथं. येणारं-जाणारं प्रत्येक पोर दारातून आत जाताना ती वाचत असणार. माझी लेक दोन दिवस त्या दारातून आत जात होती आणि घरी येऊन एका शब्दाने बोलली नव्हती.

वर्गबाई वाईट नाहीत. हळू बोलतात. पण त्यांच्यासमोर औषधाच्या दुकानवालीण बसली होती, तिच्या मुलीच्या बसमधल्या खिडकीबद्दल बोलायला. मुलीला उलटी होते म्हणून खिडकीच हवी, असं चाललं होतं. तिच्यासमोरच मला बोलावं लागलं.

"हप्ते नाही हो चालत," बाई म्हणाल्या. "बसवाल्याला एकरकमी द्यावे लागतात. शनिवार शेवटचा. पण अगदीच जमत नसेल तर मदतनिधीचा अर्ज आहे. अडचण लिहून द्यायची. पालक समिती वाचते आणि ठरवते."

"समितीत कोण?"

बाईंच्या आधी दुकानवालीणच बोलली. "मी आहे ना! द्या लिहून, मी बोलते त्यांच्याशी." आणि माझ्या हातांकडे बघून अगदी मायेने म्हणाली, "काय ते अळ्यांचं काम! मला तर बघवतही नाही बाई."

मी म्हटलं, "शनिवारी भरते."

असं कसं बोलून गेले? घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते. 'करू की' म्हणणाऱ्या माणसाला चौदा वर्षं नावं ठेवली आणि वेळ आली तेव्हा त्याचीच भाषा माझ्या तोंडातून निघाली. पण त्या बाईने अर्ज वाचावा, वाचून मान हलवावी आणि मग माझ्या पोरीला बसमध्ये घ्यावं, हे मला मेले तरी चाललं नसतं.

पैसे आले ते पाल्यातून. टेकडीखाली एकजण आमच्यासारखाच रेशीम करतो. त्याला सगळे 'हावरट' म्हणतात, तोंडावरही म्हणतात. रानात पाला किती, अळ्या किती, याचा त्याला कधी मेळ बसत नाही. दर खेपेला जास्त अळ्या आणतो आणि शेवटी पाल्यासाठी दारोदार फिरतो. तो शुक्रवारी आला. रोख घेऊन आला.

"रस्त्याकडचा तुकडा द्या. आत्ताच्या आत्ता पैसे देतो."

हे रानाकडे बघत उभे राहिले. एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून. यांचं मोजमाप असं असतं.

"पुरेल आपल्याला," हे म्हणाले.

"अहो, आत्ता कुठे शेवटची अवस्था लागलीये. आतापर्यंत अळ्यांनी खाल्लं त्याच्या चौपट आता खातील. सात दिवस."

"सात दिवसांचाच हिशोब धरलाय मी. काठावरच्या चार ओळी सोडून पुरतोय."

काठावरच्या चार ओळींचं सांगायला हवं. आमच्या बांधाला लागून कोबीवाल्याचं रान आहे. माणूस सज्जन, पण कोबीवर औषध मारल्याशिवाय कोबी हाती लागत नाही. तो फवारतो, वारा ते इकडे आणतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि अळीच्या तोंडात जरासं गेलं तरी अळी संपली. म्हणून त्या चार ओळी आम्ही कधीच शेडमध्ये नेत नाही. कापतो आणि चुलीला टाकतो. आणि बघायला गेलं तर रानात सगळ्यात हिरवागार पाला तिथलाच, कारण तो कुणी खात नाही.

मी नको म्हणू शकले असते. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही होतं. मला दारावरची यादी दिसत होती. मी म्हटलं, "द्या."

शनिवारी मुंगीने स्वतः पैसे भरले. पावती आणली ती कंपासपेटीत ठेवली, पेटी उशाखाली. त्या दिवशी संध्याकाळी न सांगता तिने दोन भारे वाहिले. गाणं म्हणत वाहिले. तिचं गाणं म्हणजे एकच ओळ, पुढची तिला येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "समुद्रावर हे गायलीस तर मासे बाहेर येतील पळत." आणि मला वाटलं, जाऊ दे, केलं ते बरंच केलं.

मग आभाळ भरून आलं.

पाऊस नाही, काही नाही. नुसतं मळभ, आणि अंगाला झोंबणारा गारठा. बाकीच्यांना काय, दोन दिवस जाड कपडे घालून फिरले. पण गारठ्यात अळी मंद होते. सात दिवसांत पिकायची ती आठव्या दिवशीही पिकली नाही. अळी पिकली की पिवळसर होते, उजेडात धरली तर आरपार दिसते आणि खाणं सोडून धागा काढायला जागा शोधते. आमच्या अळ्या आठव्या दिवशी पांढऱ्याफटक, बोटाएवढ्या जाड, आणि खात होत्या. शेगड्या लावल्या, दारांना पोती बांधली. तरी खात होत्या. पहाटे पानांसकट टाकलेल्या काठ्यांवर दुपारी एक पान उरायचं नाही.

आम्ही तिघं कामाला जुंपलो होतो. हे कापायचे, मी वाहायची, सासूबाई दाराशी स्टुलावर. सासूबाईंचं काम नाकाचं. शेडमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हुंगून आत सोडतात. तेल, साबण, विडी, काही चालत नाही. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला, तू कांदा खाऊन आलायस म्हणून दारातून परत पाठवलं होतं. त्याचा मीटरशी काय संबंध, पण सासूबाईंपुढे कोण बोलणार. माझ्या उजव्या खांद्यावर भाऱ्याच्या दोरीने साल गेलं होतं. रात्री कुशीवर झोपता येत नव्हतं आणि ह्यांना ते दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं. दाखवलं तर हे म्हणणार, 'मी करतो की.' आणि कापायचं कोण?

नवव्या दिवशी दुपारी रान संपलं. काठावरच्या चार ओळी सोडून एक पान उरलं नाही.

"पुरेल म्हणाला होतात," मी म्हटलं.

"सात दिवसांचं म्हणालो होतो."

"मग आठव्या-नवव्या दिवसाचं कुणाला विचारायचं? अंगठ्याला?"

हे मोटारसायकल घेऊन पाला शोधायला गेले. हावरटाकडे गेले, त्याच्याकडेही नव्हता. आमचा नेलेला तुकडा त्याने कधीच संपवला होता. तिथून पुढच्या वस्तीला, तिथून पुढे. संध्याकाळ होत आली तरी आले नाहीत. शेडमध्ये अळ्या माना वर करून हलवत होत्या. हजारो माना. भुकेली अळी ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान मला वरचढ ओरडता आलं असतं.

त्या वेळी मुंगी शाळेतून आली. हातात कागद होता, सहलीला काय काय न्यायचं त्याची यादी.

"आई, टोपी लागणारे. आणि बाई म्हणाल्या, बूट असतील तर—"

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, फिरलंच.

"टोपी? इथे अळ्या मरायला टेकल्यात आणि तुला टोपी सुचतीये? जा, पाला आण!"

"कुठून आणू? रानात तर—"

"कुठूनही आण! दिसेल तिथून आण, पण रिकाम्या हाताने शेडपाशी येऊ नकोस. तुझ्या सहलीपायी झालंय हे सगळं!"

ती गेली. विळा घेतला, दोरी घेतली, दप्तर खाली ठेवलं ते पायरीवर आडवं पडलं. मी बघितलंही नाही.

अंधारायच्या आत तीन भारे आले. एकामागून एक, डोक्यावर घेऊन, धापा टाकत. मी काठ्या ओढून घेतल्या. काठ्या ओल्या होत्या. मला वाटलं, गारठ्याने दव पडलं असेल. संध्याकाळी कधी दव पडतं का? पण मला तसं वाटलं, कारण मला तसंच वाटून घ्यायचं होतं. पोरीची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. मी काठ्या झटकल्या, फडक्याने पुसल्या आणि डाव्या बाजूच्या रॅकवर टाकत सुटले.

सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "अगं, थांब जरा. वास येतोय का बघ कसला?"

"जगातले सगळे वास तुम्हालाच येतात," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं तोडून बोलले. त्यांनी पदर नाकाला लावला.

हे आले तेव्हा मोटारसायकलवर एक छोटा भारा होता, कुठून तरी भीक मागितल्यासारखा आणलेला. तो उजव्या बाजूला टाकला. डाव्या बाजूला अळ्या खात होत्या, खातानाचा तो सळसळ आवाज ऐकून हे म्हणाले, "मिळाला का पाला? बघ, मी म्हटलं नव्हतं, होतं काहीतरी." आणि जेवून झोपले.

पहाटे शेडचं दार उघडलं तेव्हा डावीकडून आवाजच नव्हता.

अळ्या काठ्यांवरून खाली लोंबत होत्या. काही जिवंत होत्या, डोकी इकडून तिकडे आपटत होत्या आणि तोंडातून हिरवं पाणी गाळत होत्या. बाकीच्या आखडून बोटाच्या पेराएवढ्या झालेल्या. एक उचलली, हाताला थंड, मऊ, ओली लागली. सव्वीस दिवस मी त्यांना अंगाखांद्यावर वाढवावं तसं वाढवलं होतं.

ह्यांनी एक काठी उचलली, नाकाशी धरली, पान चोळलं. मग उजेडात नेऊन बघितली. काठावरच्या ओळींचं पान मोठं आणि गर्द असतं, ओळखू येतं.

"कुणी कापला हा?"

मुंगी दारात उभी होती, शाळेच्या कपड्यांत. "मी," ती म्हणाली. "हौदावर धुतला होता बाबा. प्रत्येक काठी धुतली. तीनदा."

माझ्या नवऱ्याला मी आजवर ओरडताना ऐकलं नव्हतं. "धुतला? औषध धुऊन जातं का? या घरात जन्मलीस आणि एवढं कळत नाही तुला? दुधपितं पोरसुद्धा त्या ओळींना हात लावत नाही!" असं म्हणून त्यांनी पाल्याची टोपली लाथेने उडवली. ती तिच्या पायाशी जाऊन पडली. ती मागे सरकली नाही.

आणि मी गप्प राहिले. हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी खाली वाकून मेलेल्या अळ्यांच्या काठ्या गोळा करत राहिले. एक काठी, दोन काठ्या, तीन, चार. तेवढा वेळ तिने ते सगळं एकटीने ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग मी उभी राहिले. "तिला काही बोलू नका. मीच सांगितलं होतं, कुठूनही आण म्हणून."

"तू?"

"हो, मी. आईंना वास आला होता, त्यांचंही ऐकलं नाही. आणि पाला विकायला मीच द्या म्हटलं होतं. आता कुणाला लाथ मारायची ते ठरवा."

ह्यांनी टोपली उचलून जागेवर ठेवली. मुंगीने दप्तर पाठीला लावलं आणि ती शाळेत गेली.

दिवसभर आम्ही डावी बाजू रिकामी केली. खड्डा खणला, चुना टाकला, पाट्यांनी अळ्या ओतल्या. उजवी बाजू शाबूत होती, देवाची कृपा म्हणा नाहीतर ह्यांच्या छोट्या भाऱ्याची. अर्धी खेप गेली होती. त्याच वस्तीवरून ह्यांनी आणखी एक भारा मागून आणला, उरलेल्या अळ्यांना तेवढ्यावर रेटलं. सासूबाई स्टुलावर बसल्या नाहीत, पाट्या उचलायला आल्या. सत्तरीच्या बाईने पाटी उचलू नये, पण त्यांना नको म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. दुपारी ऊन पडलं. पडायचं होतं तर दोन दिवस आधी पडायला काय झालं होतं? मी त्या उन्हाकडे बघून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मुंगी आली. हातपाय धुतले, शेडपाशी आली आणि कंपासपेटी उघडून माझ्यासमोर धरली. आत पावती नव्हती. पैसे होते.

"हे काय?"

"नाव काढून आले."

"कुणाला विचारून?"

"बाईंनी सगळे दिले परत. एक रुपया कापला नाही. पुढच्या आठवड्यात गेले असते तर अर्धेच मिळाले असते."

ती एखाद्या दुकानदारासारखी बोलत होती. मला संताप आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. "कुणी सांगितला होता तुला शहाणपणा? मी मागितले होते पैसे? तुझ्या बाबांनी मागितले होते?"

"तू म्हणालीस ना, सहलीपायी झालं."

"मी रागात म्हणाले!"

"हो, पण झालं तर त्याच्यामुळेच."

मग तीच म्हणाली, "जाऊ दे आई. पुढच्या वर्षी जाईन." आणि पेटी माझ्या हातात देऊन उजव्या बाजूच्या अळ्या बघायला आत गेली. सासूबाईंनी तिला हुंगलं आणि उगीचच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. हात घासले नाहीत. काळे तर काळे. पैसे कंपासपेटीतच होते, पेटी फडक्यात गुंडाळलेली. दारावरची यादी काढून टाकली होती, चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते.

"बाई, काल पोरीने घाई केली. हे परत भरून घ्या. तिचं नाव लिहा."

वर्गबाईंचा चेहरा उतरला. "अहो, काल संध्याकाळीच भरली जागा. दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी वाट बघत होती. तिच्या वडिलांनी उभ्या उभ्या पैसे भरले. बसमध्ये आता एकही सीट नाही."

"उभी राहील ती."

"चार तासांचा रस्ता आहे हो. असं नेता येत नाही."

"मांडीवर बसेल कुणाच्या. लहानखुरी आहे. मैत्रिणी घेतील की."

बाईंनी समोरची वही उगीच सारखी केली. मी किती खाली आले होते ते तेवढ्यावरून मला कळलं. मग मी पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि त्यांच्याकडे सरकवली.

"बरं, मग असं करा. हे ठेवूनच घ्या. पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव हिचं लिहा. आत्ताच लिहा, माझ्यासमोर."

बाईंनी पेटीला हात लावला नाही. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हिचा शेवटचा वर्ग. मोठ्या परीक्षेचा. त्या वर्गाची सहल नसते."

"नसते म्हणजे?"

"कधीच नसते. ही शेवटची. मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, म्हणून तर सगळ्या एवढ्या मागे लागल्या होत्या." मग त्या म्हणाल्या, "काल तिलाही विचारलं मी. नक्की ना, परत संधी नाही, माहितीये ना? ती म्हणाली, माहितीये. फक्त आईला सांगू नका म्हणाली." बाईंनी नजर खाली घातली. "पण आता तुम्ही पैसेच ठेवायला निघालात."

मी पेटी बंद केली. ती बंद होईना, झाकण वाकडं बसलं. बाईंनीच दाबून दिली.

घरी आले तेव्हा अळ्या पिकायला लागल्या होत्या. उन्हाने एका दिवसात काम केलं होतं. सगळे शेडमध्ये होते. मुंगी शाळेत गेली नव्हती, कारण पिकलेली अळी थांबत नाही, वेळेवर वेचून कोष विणायच्या जाळीवर सोडली नाही तर पाल्यातच धागा काढून घाण करते. ती एकेक अळी उचलून खिडकीच्या उजेडात धरत होती. आरपार दिसली की जाळीवर सोडायची.

"काय म्हणाल्या बाई?" ह्यांनी विचारलं.

"जागा भरली," मी म्हटलं.

हे खाली बसले. सासूबाईंनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मुंगीने हातातली अळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बाई अजून काय म्हणाल्या, एवढंच ती माझ्या तोंडावर शोधत होती. मी डोळे वळवून जाळी सरळ करायला घेतली.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाईन की."

"बघ, आहे ना माझी पोर शहाणी!" हे एकदम उठले. आदल्या दिवशीची टोपली त्यांच्या मनात असणार, ती पुसून टाकायला त्यांना काहीतरी हवंच होतं. "पुढच्या वर्षी टोपी घेऊ, बूट घेऊ. आणि बसपर्यंत सोडायला मी स्वतः येणार. खिडकीची जागा धरून देणार. काय गं, बरोबर ना?"

हे माझ्याकडे बघत होते. मुंगीही बघत होती.

"हो," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नक्की."

जरा सरकून तिने तिच्या शेजारी माझ्यासाठी जागा केली. मी बसले, आणि आम्ही दोघी अळ्या वेचायला लागलो.